उतार

त्या वर्षी निकोसियात माझ्या टेबलावर
शहराचे दोन नकाशे असत.
एकावर उत्तर कोरी, दुसऱ्यावर दक्षिण.
गटारांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

आमची बाजू उंच, त्यांची सखल,
आणि मैला साफ करायचा हौद नेमका त्यांच्या हद्दीत.
म्हणजे रोज सकाळी आमचं अर्धं शहर
शत्रूच्या मेहेरबानीवर दात घासणार.
बैठकीत कुणीतरी टेबल बडवून म्हणालं,
पंप बसवा, उलटं चढवा पाणी!
मी खर्चाचा आकडा वाचून दाखवला.
देशभक्तीला तेवढं डिझेल परवडणारं नव्हतं.

तेव्हा निदाई भेटला.
मधल्या पट्ट्यात, गोळ्यांनी चाळण झालेल्या हॉटेलात,
दाराशी निळ्या टोपीतला एक स्वीडिश पोरगा जांभया देत.
निदाईने झाकणांची यादी आणली होती,
क्रमांक, खोली, कुठे काय तुंबलंय.
आम्ही देशांची नावं काढली नाहीत.
‘वरचे’ म्हणायचो आणि ‘खालचे’.
तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला,
एव्हागोरास, खालचे म्हणजे कोण रे?
मग नुसते आकडे.

घरी आलो की आई विचारायची,
काही उतार आहे का?
तिला लढाईबद्दल विचारायचं असे.
मी म्हणायचो, आहे,
शंभर मीटरला अर्धा.

माझा थोरला भाऊ क्रिसांथोस
चौऱ्याहत्तरच्या जुलैत पाव आणायला गेला
तो बेपत्तांच्या यादीत, अनुक्रमांकासकट.
निदाईच्या वडिलांना चौसष्टमध्ये
आमच्याच लोकांनी बसमधून उतरवलं.
हे त्याने मला सातव्या बैठकीत सांगितलं,
एकशे बेचाळीस नंबरच्या झाकणाबद्दल बोलता बोलता,
मान वर न करता.
वाईट वाटलं, असं मला म्हणता आलं नाही.
म्हणालो, तिथला नळ बारा इंची करू.
त्याने लिहून घेतलं.

खणताना आम्ही दोघंही
फावड्याकडे जरा जास्तच निरखून बघायचो.

जोडणीच्या दिवशी पाण्यात रंग सोडायचा होता,
इकडचं तिकडे पोचतं का बघायला.
माझ्या कपाटात लाल होता.
निरोप आला: लाल नको, माझी माणसं बिचकतील.
हिरवा मागवला.
म्हणतात, एका इंग्रज अधिकाऱ्याने
हिरव्याच पेन्सिलीने आमच्या शहरावर रेघ मारली होती,
त्याच्या हाताशी तेवढी एकच होती म्हणून.

सव्वानऊला मी बाटली ओतली
आणि छपरावर जाऊन उभा राहिलो.
पलीकडे फोन लागत नसे.
वाळूची पोती, कबुतरं,
तिकडच्या रेडिओवर कुणीतरी घसा साफ करत होतं.
दहा वाजले. साडेदहा.
चौकीतल्या सैनिकाने विचारलं,
काय बघताय साहेब?
म्हटलं, पाणी.

दहा चाळीसला पलीकडच्या एका गच्चीवर
एका माणसाने दोरीवर हिरवा टॉवेल टाकला,
दोन चिमटे लावले,
आणि निदाई तसाच होता म्हणून
दोन्ही टोकं ओढून सारखी केली.

सैनिकाला काही कळलं नाही.
मी त्याच्याकडून सिगारेट मागून घेतली,
मी ओढत नाही तरी.

तह? तह झालेला नाही.
क्रिसांथोस अजून यादीतच आहे,
आई त्याच्या आधी गेली.
निदाईचे गुडघे गेलेत म्हणे.
फाटकं उघडली तेव्हा तो एकदा आला होता,
माझ्या अंगणातलं झाकण उचलून बघितलं, नाक मुरडलं,
म्हणाला, अजून तेलकट ओतता तुम्ही लोक.

रात्री झोप लागत नाही, उठतो,
संडासाची साखळी ओढतो
आणि अंधारात सवयीने मोजतो:
पंच्याऐंशी मिनिटं.
मग निदाईकडे.