कानाचा बाक

वेंडेलीननं जग माझ्या टेबलावर ठेवला,
शेजारी सात बाजूंनी काढलेले फोटो, शुल्काची पावती.
प्रागमधलं ऑफिस, नेहमीसारखं गार.

कानाला हा असा बाक कशाला, मी विचारलं.
विचारावंच लागतं:
निव्वळ उपयोगापोटी आलेल्या आकाराला
कायदा राखत नाही. राखतो ते दिसणं.
तो जरा घुटमळला.
"काही नाही. छान दिसतो."
मी तसंच लिहून घेतलं.

दर पाच वर्षांनी नवी मुदत.
पाचा पाचा पंचवीस.

मग एका थंडीत बोहदाना आली, एकटीच,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला तोच जग घेऊन.
आता मुदत वाढत नाही, बाई.
उद्यापासून हा कुणीही बनवील.

"बनवू देत की," म्हणाली,
आणि हातमोजा काढला.
उजव्या हाताला तीनच बोटं.
कोपऱ्यातल्या नळावर तिनं जग काठोकाठ भरला,
खिडकीतल्या माझ्या सुकल्या रोपापर्यंत आणला.
थेंब सांडला नाही.
तिन्ही बोटं त्या बाकात
घरी आल्यासारखी बसलेली.

ती गेल्यावर फाइल काढली.
त्या जुन्या ओळीवर पेन टेकवलं,
उचललं.
छान दिसतो,
हे तरी कुठे खोटं होतं.