निरीक्षण क्रमांक चौदा

विभागाच्या पाटीवर आता लिहिलंय
'सायबर सुरक्षा : व्यवस्थापन आणि सुशासन'.
मी रुजू झाले तेव्हा तिथे 'वाणिज्य' होतं,
आणि खाली कुणीतरी खडूने काढलेलं घुबड.
भिंत तीच. मे महिन्यात दुपारी तीनला
किल्ल्याच्या दगडासारखी तापते.

निवृत्तीच्या फॉर्मात एक रकाना आहे :
'सेवाकाळातील ठळक योगदान'.
एकतीस वर्षं, चार ओळी.

धोरणं लिहिली. बावीस.
वाचली गेली, मला वाटतं, दोन;
त्यातलं एक मीच, छपाईच्या चुका शोधताना.
समित्यांवर बसले.
'जबाबदार कोण' या रकान्यात
एकाही माणसाचं नाव न येऊ देता
'संबंधित विभाग' कसं भरायचं
हे तिथेच शिकले, आणि पुढे
सहा क्रेडिटांसाठी शिकवलंसुद्धा.

दोन हजार चारचा डिसेंबर.
दौलतगंजातली एक सहकारी बँक, माझं पहिलं ऑडिट.
बाहेर धुकं इतकं की समोरचं मिठाईचं दुकान
नुसतं वासावरून कळत होतं.
हेड कॅशियर भालचंद्र खासगीवाले
यांच्या खणात लाल कापडी पाठीची वही.
तीत शाखेतल्या अकराही जणांचे पासवर्ड,
वळणदार अक्षरात, तारीखवार.
जुना खोडलेला, नवा त्याच्या खाली.

'विसरतात हो सगळे,' ते म्हणाले.
'मग माझ्याकडेच येतात.
शेजारी गावाला जाताना
किल्ली ठेवून जातात ना, तसंच.'
आणि गजकची पुडी माझ्यापुढे सरकवली.

मी दोन तुकडे खाल्ले.
बोटं रुमालाला पुसली.
निरीक्षण क्रमांक चौदा लिहिलं.

त्यांना काढलं नाही कुणी.
मुरारच्या शाखेत पाठवलं, आवक-जावकच्या टेबलावर,
जिथे संगणक पोचायचा होता.

दीड वर्षाने त्या बँकेतून खरंच पैसे गेले.
सत्तावीस लाख. वहीतून नाही.
व्यवस्थापकाच्या सहीने, नियमाप्रमाणे,
'सर्व निरीक्षणांची पूर्तता झाली'
या शिक्क्याच्या बरोबर खालून.

तोवर माझा निबंध छापून आला होता :
माणूस हाच साखळीतला कच्चा दुवा.
त्यावर मी प्रपाठक झाले.

दर वर्षी ती वही वर्गात सांगते.
नाव गाळून. गजक गाळून.
मुलं हसतात, मी थांबते, पुढची स्लाइड.
यंदा हसणं संपल्यावर मागून
भिंडची रचना भदौरिया उभी राहिली.
'मॅडम, भूले तो ग्यारह थे ना?
उन पर कौन-सा नंबर लगा?'

तास संपायला बारा मिनिटं होती.
मी हजेरी घेतली.

काल चिटणीसांच्या गोठीत गेले.
पत्ता विचारत, तीन दारं चुकत.
खासगीवाले चौऱ्याऐंशी वर्षांचे. मला ओळखलं नाही.
ओळखलं असतं तर मी काय बोलणार होते
ते रिक्षात पाठ केलं होतं; बरंच पुस्तकी होतं.
सून चहा टाकायला आत गेली
तसा त्यांनी उशीखालून मोबाईल काढला,
दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.
'उघडत नाही. सून सांगते, मी विसरतो.
दरवेळी तिला काय विचारायचं...
तुमचं अक्षर बरं आहे का?'

सहा आकडे सुनेने आतूनच, मोठ्याने, सांगितले.
सगळ्या गोठीने ऐकले असतील.

मी पर्समधली डायरी उघडली.
एक पान फाडून त्यांना लिहून दिलं.
मग, का कोण जाणे,
माझ्याही पानावर उतरवून घेतले.
वळणदार. तारखेसह.

फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचाय.
तीन ओळी भरल्यात.