काळजी केंद्र

सदलग्याच्या शाळेवर फ्लेक्स लागला, अक्षरं कन्नड.
मी वाचून दाखवलं: काळजी केंद्र.
सत्यव्वा म्हणाली, "तेचं केंद्र कशाला काढाय पायजे?
घरटी एक हायच की."
सरकारी कन्नडात काळजी म्हणजे घेतात ती, मी सांगितलं,
आपल्यात लागते तीही.
ती मान हलवून भाकऱ्या थापायला गेली.

दूधगंगेनं माझं झेरॉक्सचं दुकान नेलं नाही,
नुसतं आतून धुतलं.
मशीन उलटं ठेवलंय, अजून गाळ ठिबकतो.
म्हणून बसलोय सातवी 'ब'च्या बाकावर, दोन पेनं घेऊन.
मराठीत ऐकतो, कन्नडमध्ये लिहितो.
भिंत: किती टक्के. जनावर: बिल्ला नंबर.
नेमगोंडाची म्हैस दावं तोडून गेली,
बिल्ला मात्र गोठ्यातल्या खिळ्यालाच,
टोचून घ्यायचा राहिलेला.
"आता माझ्याच कानात मारा," तो म्हणाला.
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले.

रात्री ट्रक आला विजापूरकडचा.
पोत्यांत कडक भाकरी, शेंगाची चटणी,
एका पुडीवर पेन्सिलीनं काहीतरी.
काय लिवलंय, रेहाना मुल्लानं विचारलं.
'पाण्यात बुडवून खा.'
तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

दुसऱ्या ट्रकात कुणाचे तरी लग्नातले कोट
आणि सात बूट, सातही डाव्या पायाचे.
कोट घालून पोरं दोन दिवस वऱ्हाडी झाली.

पाणी उतरल्यावर तलाठी, इंजिनियर, टेप आणि मी,
सत्यव्वाच्या दारात. म्हणजे दार होतं तिथं.
"पाणी कुठवर आलं होतं?"
तिच्या नवऱ्यानं पाचच्या पुराची रेघ काढलेली कावेनं,
एकोणीसची तिच्यावर वीतभर,
यंदाचीही त्याच भिंतीवर यायची.
ती भिंतच गेली.
सत्यव्वानं टाचा उचलल्या,
हवेत एका जागी बोट ठेवलं
आणि हलली नाही.
इंजिनियरनं काही न बोलता
चिखलापासून तिच्या बोटापर्यंत टेप ताणला.
पाच फूट चार इंच.
मी लिहिलं. रकान्यात मावलं.

त्या रात्री ती केंद्रावर आली नाही.
चुलीपुरता कोपरा सारवून घेतलाय म्हणे.
सोमवारी शाळा भरणार, फ्लेक्स उतरणार.
तिचा निरोप आधीच येऊन पडलाय:
"कुणाला देऊ नगा. छपराला हुतंय.
अक्षरं आतल्या अंगाला करीन."