बिनहाकेची ओ

तार्तूत जानेवारीत पावणेचारलाच अंधारतं.
विर्वे बर्फाच्या पेटीतून पेशींची पटलं काढते,
अंगठ्यानं नळीवरचं दव पुसून तारीख वाचते.
किरणोत्सारी गंधक सत्त्याऐंशी दिवसांत निम्मा होतो,
म्हणून आज किती उरलाय ते आधी कागदावर,
पेन्सिलीनं. यंत्रही सांगतं. तरी पेन्सिलीनं.

कास्पार नवा आहे. त्याला ती सांगते:
ग्राही म्हणजे दारातला माणूस.
बाहेरून हाक आली की आत वळून ओरडतो,
मग आतलं जी-प्रथिन हातातलं जुनं टाकतं, नवं उचलतं.
नेहमीचं उचललं तर थोड्या वेळात विझवून मोकळं.
आपण देतो ते विझत नाही. धरलेलं सुटत नाही.
तेवढंच मोजायचं,
किती जणांच्या हातात अडकून राहिलं.

तीस अंश, एक तास.
मग काचतंतूंची चाळण, पंपाची धाप,
बर्फगार धुणं तीनदा. चौथ्यांदा नाही,
चौथ्यांदा खरंही वाहून जातं.
रात्रभर यंत्र एकेका कुपीपाशी थांबतं
आणि अंधारातल्या चमका मोजतं.

सकाळी कास्पारचा चेहरा पडलेला.
औषधाच्या कुप्या ठीक आहेत,
पण ज्यांत औषधच नव्हतं त्याही बोलतायत.
त्यानं पिपेट बदललं, हातमोजे बदलले,
तिसऱ्यांदा तेच आकडे.
"माझंच काहीतरी चुकतंय."

विर्वे आकड्यांवरून बोट फिरवते.
"ग्राही नसलेल्या पेशी लावल्यास?"
"त्या गप्प आहेत."
"मग तुझं नाही चुकलं.
काही ग्राही असतातच असे.
हाक नसताना ओ देतात."

तो हसतो.
ती त्याला हे सांगत नाही
की हिलारला जाऊन दोन हिवाळे झाले,
आणि संध्याकाळी कांदा चिरताना
ती अजून "आले, आले" म्हणते,
सुरी ठेवते, हात पुसत
बाहेरच्या खोलीपर्यंत जाते.

शुक्रवारी ते दुसरं औषध लावतात,
हाक न मारता नुसतं गप्प करणारं.
मात्रा वाढेल तशी रेघ उतरते,
औषध नसलेल्या कुप्यांच्याही खाली.
"काय सुंदर उतरण आहे!" कास्पार म्हणतो.
विर्वे चष्मा कपाळावर सरकवून
शेवटच्या बिंदूपाशी कागद डोळ्यांजवळ नेते.
"अगदी गप्प नाही झाला," म्हणते,
आणि त्याच्याशेजारी तारीख घालते,
पेन्सिलीनं.