दोन भोकांमधली जागा

मत्राहच्या बाजारात लोबानवाल्यांची रांग संपते
तिथं दुर मोहम्मदचं दुकान. दुकान म्हणजे
एक शटर, एक पंखा,
आणि पंख्याच्या वाऱ्यात न येणारं सगळं गंजकं सामान.
“आली मशीनवाली बाई,” तो पोराला सांगतो
आणि गोणपाटाखालून ओढतो तिला बाहेर:
हातानं फिरवायची, बिननावाची,
मानेवरच्या सोनेरी वेलीचं एकच पान उरलेलं.

“पन्नास रियाल. जर्मन आहे.”
गेल्या महिन्यातली पस्तीसची, तीही जर्मनच होती.
त्याच्याकडे जे जड, ते जर्मन.

मी घाई करत नाही.
रुवीच्या एका लॅबमध्ये अकरा वर्षं
वजनं आणि गेज तपासत बसलेय.
खोटा काटा बोलायच्या आधी थरथरतो,
एवढं मला कळतं.

आधी मानेवरून बोट.
दोन भोकं, दीड इंचावर. इथं पितळी बिल्ला होता,
कुणीतरी उपटला. विकायला? की पोरानं मागितला म्हणून?

मग सरकती पट्टी.
गोल बॉबिन निघाली असती तर हिशेब वेगळा.
निघाली होडी: करंगळीएवढी, पोलादी,
दोन्हीकडे निमुळती,
बाहेर धक्क्याला लागलेल्या गलबतांच्या जातीची.
झोका घेत जाते की सरळ आडवी?
मी दांडा अर्धा फेरा फिरवते. आडवी.
म्हणजे शंभरीच्या आसपासची.

मग उलटी करायची, तान्ह्या पोरासारखी, मानेला आधार देऊन.
जपानी नक्कल असती तर पोटाला ओतीव अक्षर असतं.
नाही. नुसता आकडा, शेवटचा गंजानं खाल्लेला.
राहिले जर्मन. तिथं तेव्हा गावोगाव कारखाने,
जो दुकानदार पैसे मोजेल त्याचं नाव रंगवून द्यायचे.
नाव म्हणजे रंगाचा शेवटचा हात,
फडक्यानं पहिला जाणारा.

थोडक्यात दुर मोहम्मद बरोबर निघाला
आणि मला त्याचा राग आला. बेचाळीस दिले.

घरी ओट्यावर रॉकेल, चिंध्या, जुना टूथब्रश.
रीळ भरायच्या चाकाला मूळ रबर नव्हतं;
औषधाच्या बाटलीचं बूच
कुणीतरी पात्यानं गोल कापून बसवलेलं.
एका स्क्रूचे आटे हातानं पाडलेले, कानशीनं, न चुकता.
आणि तळाच्या कडेला तीन खाचा.
धोब्याच्या खुणेसारख्या. दोन जवळ, एक जरा लांब.

रात्री अकरा वाजता मी उठले
आणि पलंगाखालच्या आठही मशीन उलट्या केल्या.
सूरहून आणलेलीला: दोन जवळ, एक लांब.
निझव्याच्या शिंप्याकडच्या जपानीला: दोन जवळ, एक लांब,
चाकाला तसंच बूच.

एवढी वर्षं मी वहीत लिहीत आले
कुठली, कधीची, कुणाची बनावट,
आणि हा माणूस
सगळ्यांच्या पोटाखाली गप्प बसून होता.
पायी फिरत असेल का? गाढवावरून? कच्छी होता, बलुची,
की आपल्याच कुठल्या बंदरातून आलेला?
खाचेला आडनाव नसतं.

पुढच्या शनिवारी फोटो घेऊन गेले.
दुर मोहम्मदनं चहाचा घोट घेतला, फोन लांब धरला.
“हा? अशा खुणेचा एक काटा आहे माझ्याकडे,”
आणि आतल्या कोनाड्यातून, खजुराच्या टोपल्यांमागून
काढला तबकडीचा वजनकाटा. त्याच्या बापाचा.

लॅबमधलं वजन पर्समध्ये होतं, खरं सांगायचं तर
मुद्दाम नव्हतं आणलं, परत ठेवायचं राहिलं होतं.
दोनशे ग्रॅम. रुमालानं धरून पारड्यात ठेवलं.
काटा निघाला आणि जाऊन उभा राहिला
दोनशेवर.
थरथर नाही.

“किती?” मी विचारलं.

“हा नाही विकायचा,” दुर मोहम्मद म्हणाला,
आणि पोराला दुसरा चहा सांगितला.