रात्रपाळीचं खातं

सिव्हिल चौकात आमचं मेडिकल रात्रभर उघडं.
बारानंतर येतात ते तापाचे,
नाहीतर नुकतेच बाप झालेले,
डायपरचा साइझ न सांगता येणारे.
मधल्या वेळात मी खून वाचतो.

महिन्याला एकशे एकोणपन्नास.
पोरानं पुण्याहून येऊन फोनमध्ये टाकून दिलं,
म्हणाला, पप्पा, हवी तेवढी पुस्तकं.
हवी तेवढी!
साखर पेठेत कुरापाटीमामांचं वाचनालय होतं,
दोन फळ्या, एक स्टूल, दिवसाला चार आणे,
एका वेळी एकच,
आणि रहस्यकथेच्या पहिल्या पानावर
कुणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलेलं असायचं:
माळ्यानं मारलं.
तरी वाचायचो.
माळी येईपर्यंत पानापानावर
त्याची वाट बघायचो.

इथं फळी नाही, बोटानं सरकवत राहायचं.
पहिला महिना भुसा चाळण्यात गेला.
मुखपृष्ठावर कवटी,
आत फक्त ऱ्हस्वदीर्घांची हत्या.
एकात भूत होतं, शेवटी ते गॅसगळतीचा भास निघालं.
एकात दोन थेंबांत धडधाकट माणूस मेला.
अहो, त्या औषधाच्या दोन थेंबांनी
फार तर तोंडाला कोरड पडते.
मी उठून रॅकवरची बाटली काढली, लेबल वाचलं,
आणि पुस्तक परत केलं.
परत करायचं म्हणजे एक बटण.
मामा असते तर चष्म्यावरून बघत म्हणाले असते,
का ओ, आवडलं नाही?

शिवाय मी कोण, हेच ॲपला कळेना.
खातं एक, फोन दोन.
घरी पुष्पलता तेच उघडते.
म्हणून ते मला सुचवतं
कूर्गच्या कॉफीमळ्याचा उदास, अविवाहित मालक,
आणि तिला विषप्रयोग, भाग चार.
त्याच्या हिशेबी आम्ही दोघं मिळून एकच माणूस,
जरा विक्षिप्त,
कधीच न झोपणारा.

एप्रिलमध्ये एकदाची सापडली:
साखर कारखान्याच्या गावातली फौजदारीण धायगुडेबाई,
ॲसिडिटीनं बेजार, कुणावर विश्वास नसलेली.
सहा भाग.
तिच्या गोळीचं नाव बरोबर, मात्रा बरोबर,
उपाशीपोटी घ्यायची हेसुद्धा बरोबर.
एवढ्यावर मी लेखकाला मानलं.

पहिल्या भागाच्या चौऱ्याण्णव पानावर होतो.
इन्सुलिनचं गिऱ्हाईक करून परत फोन उचलला तर
पडद्यावर आलं:
तुम्ही पान २१२ पर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं?

मी कुठं वाचलंय?

घड्याळात पावणेतीन.
म्हणजे दत्तनगरात, कूलरचं पाणी संपून
नुसता पंखा खडखडत असताना,
ती दोनशे बारावर.
किती रात्री?
झोपेच्या गोळीची चिठ्ठी घेऊन कुणी आलं
की मी हटकून विचारतो, कधीपासून त्रास?
सत्तावीस वर्षांच्या रात्रपाळीत
हे घरी विचारायचं राहिलंच.

'नाही' दाबलं. पान उलटलं.
पंच्याण्णववर एक ओळ पिवळी केलेली,
खाली तिची टीप:
डॉक्टर नाही ओ. उगाच त्याच्या मागं लागू नका.

मी लागलोच होतो.

मग काउंटरवर कोपर टेकून
एका हातानं पडदा झाकत
गेलो दोनशे बारावर,
न वाचता, चोरासारखा,
आणि लिहिलं: कूलरमध्ये पाणी घाल. झोप.
जरा थांबून आणखी: सकाळी बोलू.

बोटांच्या फटीतून तेवढ्यात एकच शब्द दिसला:
विहीर.

बाहेर कुणीतरी रिक्षा थांबवून ओआरएस मागतोय.
पाकिटं मोजतोय खरा,
पण पंच्याण्णवपासून पुढं आता
पानापानावर
मला विहिरीची वाट बघावी लागणार.