लाइटनिंग कॉल

पॉइंट म्हणजे आमच्याकडे भिंतीतला, इस्त्री लावायचा.
भाचा म्हणाला, आत्या, माझे खूप साठलेत,
मार्चनंतर वाया जातील.
वाया जातील म्हटल्यावर
धनकवडीत कोण नाही म्हणतं.

तर गेले. आसन एक-अ.
आसन कसलं, खोलीच. सरकतं दार होतं तिला.
राखाडी पायजमा दिला, सपाता दिल्या,
माशाची अंडी आणली इवल्याशा चमच्यात, ती मी परत केली.
दहीभात मागितला, तर तोही आला,
वर डाळिंबाचे दाणे आणि कढीलिंबाचं एकच पान,
मोजून ठेवल्यासारखं.

मग मुलीने बटण दाबलं, खुर्चीचा पलंग झाला.
चादर ताणली, कोपरे दुमडले, उशीला दोन थापट्या.
झोपा आता, मिसेस अहिरराव.
नाव नीट म्हणता आलं नाही तिला; पण म्हणाली.

झोप कुठली.

एकतीस वर्षं, लष्करातलं टेलिफोन एक्स्चेंज,
बोर्ड नंबर चार. कानाला हेडफोन, बोटांत कॉर्ड,
बोला पुणे, बोला पुणे, सोलापूर लाइनवर या.
साधा कॉल, अर्जंट कॉल, आणि लाइटनिंग:
दर आठपट, रांग नाही.
कोणी गेलं तरच लोक लाइटनिंग मागायचे,
नाहीतर पैसा फार झाला म्हणून.
कुठला ते आम्हाला पहिल्या हॅलोतच कळायचं.

विश्रांतीच्या खोलीत लोखंडी खाटा तीन, बायका सात.
दोन-दोन तासांची पाळी.
उठणारीची ऊब गादीत राहायची.
रूथ सोनावणे उठली की पावडरचा वास,
कुमुद ढमढेरे उठली की ब्राह्मीच्या तेलाचा.
हा पलंग मात्र गार.
माझ्याआधी त्यात कोणीच नव्हतं.

म्हणून दार सरकवून मागे गेले.
पडद्याआड ती उभ्या उभ्या सँडविच खात होती,
बूट काढून, एका पायाने दुसरा चोळत.
छातीवर पाटी: जोसलिन.
गाव मनिलाच्या पुढे, बोटीने चार तास.
मला पाहून घाईने बूट शोधायला लागली.
राहू दे गं, मी म्हटलं. मराठीतच म्हटलं.

चहाचे दोन कप झाले.
मी हातांनी दाखवलं: दोऱ्या, भोकं, कान.
तिने फोनवर मुलगी दाखवली, आजीजवळ असते,
दोघींची वेळच जुळत नाही म्हणाली.
समोरच्या नकाशावर विमान, भाकरीच्या तुकड्याएवढं,
आणि सगळी निळाई. हलतच नव्हतं.

तेव्हा तोंडातून निघूनच गेलं,
जा, दोन तास पड माझ्या जागी.
बोर्ड मी बघते.

ती हसली. नोकरी जाईल.
मग हसू पुसून तिने
माझ्या उघड्या दारातून चादरीकडे पाहिलं,
आमच्याकडे नवीन लागलेली पोरगी
पहिल्या रात्री खाटेकडे पाहायची तसं.
दोन-क वर घंटी वाजली. बूट घालून गेली.

पॉइंट जाण्यापुरतेच होते.
येताना बेचाळीस-इ, मधली सीट.
डावीकडचा गृहस्थ घोरत खांद्यावर कलंडला,
त्याची ऊब लागली, आणि मी ढाराढूर.

घरी येऊन आठवडा झाला. पहाटे तीनला डोळे उघडतात.
कात्रजकडून दुधाची गाडी येते, क्रेट आपटतात.
गॅलरीत दोरीवर तो राखाडी पायजमा.
काल लोहोकरे बाईंनी विचारलं, यजमानांचा का?
ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांना माहीत आहे.
नाही, म्हटलं. माझा. ड्यूटीचा.

तिच्या गावात आता साडेपाच.
पोरगी उठली असेल.
बोला पुणे.